अपंग प्रवाशासाठी गाडी : दार, उतार आणि ओटा

(पावस, जि. रत्नागिरी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसला परगावचा माणूस येणे ही नवलाची गोष्ट नाही. स्वामी स्वरूपानंदांचा जन्म याच गावी १५ डिसेंबर १९०३ रोजी झाला आणि १५ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. १९३४ साली आलेल्या दीर्घ दुखण्यानंतर त्यांची प्रकृती नाजूक झाली ती कायमचीच. पुढील चाळीस वर्षे ते देसाई यांच्या ‘अनंत निवासा’त राहिले. ते लोकांकडे गेले नाहीत. लोक त्यांच्या दर्शनास आले, आणि आजही समाधिमंदिरात येत आहेत. या येणाऱ्यांमध्ये वृद्ध, आजारी आणि अपंग माणसांचे प्रमाण मोठे असते हे आपण रोज पाहता. रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून गोळपमार्गे येणारा सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता त्यांना अडवीत नाही. १९९८ पासून पूर्ण लांबीने सुरू झालेली कोकण रेल्वेही त्यांना रत्नागिरीपर्यंत आणून सोडते. त्यांची अडचण सुरू होते ती गाडी थांबल्यानंतर. गाडीचा तळ आणि गावची जमीन यांच्यामध्ये जे हातभर अंतर असते, ते ओलांडणे काहींना पुणे-रत्नागिरी प्रवासाहून अवघड जाते. आज मला बोलावयाचे आहे ते या हातभर अंतराविषयी.

‘अपंग’ हा शब्द मी जुन्या सवयीने वापरतो. शासकीय कागदपत्रांतून आता ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे आणि तोही मी वापरीन. नावाने पायरीची उंची कमी होत नाही, एवढे मात्र दोन्ही शब्दांविषयी म्हणता येईल.

या विषयाशी माझा संबंध घरातूनच आला. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, आंब्याच्या हंगामात झाडावरून पडले. कण्यातील मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. कोकणात हा अपघात किती घरांत झाला आहे हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. पोलिओची साथ आता मागे पडली; मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. पण झाडावरून पडणे, रस्त्यावरचे अपघात, पक्षाघात आणि म्हातारपण यांमुळे चाकांच्या खुर्चीवर येणारी माणसे आहेतच. दादा पडले तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. पहिली सात-आठ वर्षे ते घर आणि रुग्णालय याखेरीज कोठे गेले नाहीत. जावेसे वाटत नाही, असे ते सांगत आणि आम्ही ते खरे मानत असू. एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “चौघांनी उचलून गाडीत टाकायचे, चौघांनी उचलून काढायचे. तशी पाळी एकदा यायचीच आहे, रोज कशाला?” त्या दिवशी आम्ही जुनी प्रवासी गाडी घेण्याचे ठरविले. उंच छपराची, मागे दोन पाखी दार असलेली, चौदा आसनांची. तीत दादांनी खुर्चीवर बसूनच चढावे, बसूनच प्रवास करावा, रात्री तीतच झोपता यावे, अशी कल्पना होती. श्रीमंतांच्या कॅराव्हॅनची ती गरीब चुलत बहीण म्हणा.

कॅराव्हॅन हा शब्द आता आपल्याकडेही परका राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. ज्या ठिकाणी निवासाची सोय नाही अशा रम्य जागीही पर्यटकाला राहता यावे, हा त्याचा गाभा. माझ्या मते या धोरणाचा सर्वांत मोठा लाभ धडधाकट पर्यटकाला नसून अपंग प्रवाशाला आहे. धडधाकट माणूस कोठेही खोली घेऊन राहील. खुर्चीवरच्या माणसाला लॉजची खोली मिळते, पण तिच्या न्हाणीघराचे दार खुर्चीपेक्षा अरुंद निघते, आणि हे कळते ते रात्री नऊ वाजता तेथे पोहोचल्यावर. स्वतःचे न्हाणीघर आणि स्वतःचे अंथरूण बरोबर नेणे ही त्याच्यासाठी चैन नाही. त्याशिवाय त्याला घराबाहेर रात्र काढता येत नाही.

गाडी घेतली आणि आम्ही पहिली चूक केली. आधी गाडी मोजली, माणूस नंतर मोजला. वस्तुतः क्रम उलटा हवा. फीत हातात घेऊन प्रथम खुर्चीवर बसलेल्या माणसाची जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची घ्यावी. मग गुडघ्यांची उंची, पायांसह खुर्चीची लांबी, हातांच्या कोपरांसह रुंदी, आणि माणूस व खुर्ची यांचे मिळून वजन. दादांची उंची १३८ सेंटिमीटर भरली आणि गाडीच्या मागल्या दाराची १३२. सहा सेंटिमीटर म्हणजे काय, मान वाकवली की झाले, असे आम्हांस वाटले. दादा मान वाकवू शकत होते म्हणून निभावले. ज्याची इजा मानेच्या मणक्यात आहे त्याला ते शक्य नाही, आणि त्याच्यासाठी ती गाडी निरुपयोगीच ठरली असती. अपंगत्व हा एकच शब्द असला तरी त्याखाली येणाऱ्या गरजा एक नाहीत. एका पायाने अधू असलेल्या माणसाला दाराशी एक भक्कम दांडा आणि बाहेर फिरणारे आसन पुरते. अंधाला रॅम्प नको असतो. पायरीची कड हाताला व पायाला कळावी आणि वस्तू नेहमी एकाच जागी असाव्यात, एवढेच त्याला हवे असते. म्हणून कोणत्याही गाडीला ‘अपंगांसाठी योग्य’ अशी सरसकट पाटी लावू नये. कोणासाठी योग्य, हे आधी विचारावे.

आता उताराचा हिशेब पाहू. शिक्षक मंडळी येथे आहेत, ते हा हिशेब मुलांना सहज घालून देतील. इमारतीच्या रॅम्पसाठी बारास एक हे प्रमाण मान्य आहे; म्हणजे एक हात चढावयाचे तर बारा हात लांबी. आमच्या गाडीचा तळ जमिनीपासून ६५ सेंटिमीटर होता. त्याला बारा पटीने ७ मीटर ८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प हवा. तो गाडीपेक्षाही लांब होतो! तेव्हा मी कारागिराला सांगितले, आत मावेल असा पाच फुटांचा कर. त्याने सांगितले तसे केले. दोष माझा होता. पाच फुटांवर ६५ सेंटिमीटर चढणे म्हणजे जवळजवळ दोनास एक असा चढ. पहिल्याच दिवशी दोघे ढकलीत असता खुर्चीची पुढची चाके उंबऱ्याला अडली, ती उचलली गेली आणि खुर्ची मागच्या मागे कलंडू लागली. माझ्या पुतण्याने खांदा लावला म्हणून दादांचे डोके वाचले. नंतर दोन दुमडींचा, २ मीटर ६० सेंटिमीटरचा रॅम्प केला. तोही चारास एक पडतो. मजबूत मदतनीस मागे असेल तरच तो वापरावयाचा, आणि उतरताना खुर्ची नेहमी पाठमोरी उतरवावयाची. एकट्याने चढणाऱ्यासाठी तो नव्हेच.

यावर दोन उपाय आहेत हे सर्वांना ठाऊक असते. एक म्हणजे विजेवर वा तेलाच्या दाबावर चालणारी लिफ्ट, आणि दुसरा म्हणजे गाडीचा तळच खाली घेणे. दोन्ही उत्तम आहेत. दोन्ही महाग आहेत. लिफ्टचे स्वतःचे वजन मोठे असते, ते गाडीच्या एका टोकाला पडते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत तिची निगा दर महिन्याला घ्यावी लागते. बॅटरी उतरली तर हाताने खाली आणण्याची सोय नसलेली लिफ्ट कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नये, कारण मग माणूस हवेत लोंबकळत राहतो.

तिसरा उपाय फारसा कोणी सांगत नाही. गाडी खाली येत नसेल तर जमीन वर न्यावी. जांभा दगड येथे घरोघरी आहे. गाडीतळाच्या एका कडेला ३५ सेंटिमीटर उंचीचा ओटा बांधावा. त्यावर खुर्ची पूर्ण वळेल एवढी, म्हणजे किमान दीड मीटर लांब व तितकीच रुंद, सपाट जागा असावी. ओट्याच्या एका अंगाला बारास एक असा ४ मीटर २० सेंटिमीटरचा उतार काढावा. गाडीने ओट्याकडे पाठ करून अशा अंतरावर थांबावे की रॅम्पचे खालचे टोक ओट्यावर टेकेल. आता चढावयाचे राहिले केवळ ३० सेंटिमीटर, आणि आमच्या त्याच २ मीटर ६० सेंटिमीटरच्या रॅम्पवर तो चढ आठ-नऊला एक इतका सौम्य होतो. ज्या कामाला दोन माणसे धापा टाकीत होती ते एकटी बाई करू शकते. आमच्या अंगणात असा ओटा आहे आणि माझी वहिनी दादांना एकटी गाडीत घेते. शेजारच्या आजी त्याच ओट्यावरून रिक्षात बसतात. त्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, अपंगत्वाचा दाखला नाही.

ओट्याबाबत एक सावधगिरी सांगतो. जांभा उघडा ठेवू नका. त्याच्या खड्ड्यांत लहान चाके अडकतात, आणि आपल्या पावसात एका आठवड्यात त्यावर शेवाळ धरते. वर सिमेंटचा गिलावा करून ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात. कडेला चार बोटे उंच कठडी ठेवावी म्हणजे चाक घसरून बाहेर जाणार नाही. पाणी ओट्यावर साचू नये म्हणून किंचित ढाळ द्यावा, पण तो खुर्ची ज्या दिशेने जाते तिच्या आडवा फार नको. आडव्या ढाळावर खुर्ची सारखी एका बाजूला ओढते आणि हात भरून येतात.

माणूस आत आला की आपले काम झाले असे वाटते. येथेच खरा धोका आहे, आणि या बाबतीत मी काटकसरीचा सल्ला मुळीच देणार नाही. खुर्चीचे ब्रेक लावले म्हणजे खुर्ची खिळली, हा समज घातक आहे. ते ब्रेक चाक फिरू देत नाहीत, पण खुर्ची सरकण्यास किंवा उलटण्यास त्यांची हरकत नसते. या पट्ट्यांची आंतरराष्ट्रीय मानकानुसार जी चाचणी होते ती ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेची असते. त्या क्षणी प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. वीस किलोची खुर्ची त्या क्षणी चारशे किलोची होते. दोरीने, सायकलच्या ट्यूबने किंवा पत्र्याला मारलेल्या स्क्रूने ती धरता येत नाही. चार पट्टे हवेत, दोन पुढून व दोन मागून, खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला लावलेले. चाकांना किंवा काढता येणाऱ्या पायठ्याला नव्हे. त्यांचे आकडे गाडीच्या तळपत्र्यात नव्हे तर त्याखालच्या आडव्या पोलादी तुळयांना जखडलेले असावेत. आणि माणसासाठी कमरेचा व खांद्याचा वेगळा पट्टा हवा. खुर्ची बांधली आणि माणूस मोकळा ठेवला तर तो समोर फेकला जातो. माणूस बांधला आणि खुर्ची मोकळी ठेवली तर मागून येणाऱ्या खुर्चीखाली तो चिरडतो. खुर्चीचे तोंड प्रवासाच्या दिशेला असावे. आडवी बसविलेली खुर्ची अपघातात कोणताच पट्टा नीट सांभाळू शकत नाही. पुष्कळ ठिकाणी जागा वाचविण्यासाठी ती आडवीच बसवितात. हे ताबडतोब बंद झाले पाहिजे.

आमच्या भागातील गॅरेजवाल्यांच्या हुशारीविषयी मला आदर आहे. फळ्या, दांडे, दारे, खालचा पत्रा, रॅम्पच्या बिजागऱ्या हे सारे त्यांनी करावे आणि ते चांगले करतात. पण पट्टे व त्यांचे आकडे प्रमाणित घ्यावेत आणि ते कोठे जखडले हे अभियंत्याला दाखवावे.

गॅरेजमधून केवढे काम उभे राहू शकते याचे एक उदाहरण अमेरिकेतील इंडियाना राज्यातले आहे. विनामॅक नावाचे शेतकऱ्यांचे लहानसे गाव. तेथील राल्फ ब्राऊन या तरुणाला लहानपणीच स्नायू क्षीण होत जाणाऱ्या रोगाने गाठले होते. १९६३ साली त्याने स्वतःसाठी बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी बनविली. पुढे टपालखात्याची जुनी जीप घेऊन तिला हाताने चालविण्याची यंत्रणा आणि मागे उचलणी बसविली, आणि १९७० मध्ये बंद व्हॅनला लिफ्ट जोडली. शेजारपाजारचे आणि पुढे दूरदूरचे अपंग ‘आम्हालाही तशी करून दे’ म्हणून येऊ लागले आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला. बनविणारा आणि वापरणारा एकच माणूस होता, हे त्याच्या यशाचे कारण मला वाटते. आमच्या पाच फुटी रॅम्पवर मला स्वतःला खुर्चीत बसवून कोणी चढविले असते तर मी तो बनवूच दिला नसता.

स्वतः गाडी चालवू इच्छिणाऱ्या दिव्यांगांविषयी थोडक्यात सांगतो, कारण दादा गाडी चालवीत नाहीत आणि माझा अनुभव येथे उसना आहे. पाय निकामी पण हात भक्कम असतील तर सुकाणूच्या खाली एक दांडा बसवितात. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो, ओढला किंवा पिळला की वेग वाढतो. आपोआप गिअर बदलणारी मोटार असेल तर काम पुष्कळ सोपे होते. उजवा पाय निकामी असेल तर डाव्या पायाचा वेगवर्धक बसविता येतो. स्कूटरला मागे दोन जादा चाके जोडणे तर आता तालुक्याच्या गावीही होते. मात्र घाटात उतरताना दांड्यावर सतत दाब ठेवून हात दमतो, तेव्हा सवय सपाटीवर करावी. परवाना त्या यंत्रणेसह घ्यावा. दुसऱ्याच्या गाडीवर परीक्षा देऊन मोकळे होऊ नये.

गाडीच्या आतल्या रचनेत तीन गोष्टींनी आमची परीक्षा पाहिली : उष्णता, पाणी आणि अंथरूण.

आंबा घाट चढून कोल्हापूरला जात असता दादांची टाच तळावर टेकलेली होती. त्या जागेखालून सायलेन्सरची नळी गेली होती. पत्रा तापला. तुम्हीआम्ही पाय उचलला असता. त्यांना काही कळलेच नाही. मुक्कामी पोहोचून मोजा काढला तेव्हा फोड आलेला दिसला आणि तो भरून येण्यास दोन महिने लागले. ज्या शरीराला दुखणे कळत नाही त्याच्यासाठी गाडीनेच जपले पाहिजे. म्हणून तळावर उष्णतारोधक थर व त्यावर जाड रबर अंथरावे, गाडीतले टोकदार कोपरे गुंडाळावेत, आणि लांबच्या प्रवासात दर अर्ध्या तासाच्या आत बैठकीवरचा भार हलवावा; हातांवर उचलून धरावे किंवा बाजूला झुकावे. तसे न केल्यास बसण्याच्या जागी जखमा होतात आणि त्या महिनोन् महिने बऱ्या होत नाहीत. मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात वा मानेत असेल तर शरीराला घाम येऊन थंड होण्याची शक्तीही उणावते. अशा माणसाला मे महिन्यात बंद गाडीत ठेवून ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून बाजारात जाणे हा जिवाशी खेळ आहे.

पाण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे आणि त्यावर आपल्या सभांतून बोलले जात नाही. वापरता येण्याजोगे शौचालय वाटेत नसते म्हणून अपंग माणसे, विशेषतः स्त्रिया, आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार उद्भवतात. गाडीत एक नळीदार टाकी असलेले हलते शौचकूप, त्याची उंची खुर्चीच्या बैठकीइतकी, बाजूला धरावयास दांडा आणि भोवती जाड पडदा एवढी व्यवस्था झाली की माणूस निश्चिंतपणे तांब्याभर पाणी पितो. आमच्या गाडीतल्या सर्व सुधारणांपैकी ही एकच ठेवावयाची असे कोणी म्हटले तर दादा हीच ठेवतील. अंथरुणाचे सूत्रही तेच : पलंग खुर्चीच्या बैठकीशी समतल हवा, म्हणजे एका गुळगुळीत फळीवरून सरकून जाता येते, उचलावे लागत नाही. दिव्याची कळ आणि पंख्याची कळ पडूनही हाताला लागावी. गॅसची टाकी बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात बांधलेली असावी. आणि बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग असलाच पाहिजे. आग लागली तर रॅम्प उलगडत बसण्यास वेळ नसतो.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पूर्वी ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ अशी एक व्याख्या होती आणि ती केवळ मुळातच अपंगांसाठी बनविलेल्या गाडीला लागू होती. नंतर बदल केलेली गाडी तीत बसत नसे. २०१९ च्या दुरुस्तीने ती व्याख्या गेली आणि ‘अनुकूलित वाहन’ अशा अर्थाची नवी आली. मान्यतेने बदल केलेली गाडीही आता तीत येते, मात्र ती त्या अपंग व्यक्तीने किंवा तिच्यासाठीच वापरली पाहिजे. म्हणून बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी, नोंदणी पुस्तकात त्याची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. आम्ही हे उशिरा केले आणि हेलपाटे घातले. मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ अशी नोंद करण्याची सोय २०२० पासून आहे. पुढे सवलती मागताना ती उपयोगी पडते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या ४१ व्या कलमात वाहतुकीविषयी जे म्हटले आहे ते येथील अधिकाऱ्यांनी मुळातून वाचावे. त्यात बसथानके, रस्ते आणि वाहने तर आहेतच. पण दिव्यांगांना परवडेल असा संचार साधता यावा म्हणून वाहनांत बदल करून देण्याच्या योजना शासनाने आखाव्यात, असेही स्पष्ट आहे. नव्या बसगाड्यांत राखीव आसने, कुबड्या ठेवण्याची सोय, धरावयाचे दांडे आणि चाकांची खुर्ची आत घेऊन बांधण्याची व्यवस्था असावी असा नियम १ मार्च २०२० पासून आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेची मानके केवळ शिफारसवजा राहू नयेत, ती बंधनकारक असली पाहिजेत, असा निर्णय दिला. कागदावरची बाजू अशी भक्कम आहे. एस. टी. महामंडळ दिव्यांगांना साध्या गाडीत भाड्यात ७५ टक्के सवलत देते, ही मोठीच मदत आहे आणि तिची जाण आम्हा सर्वांना आहे. पण सवलत तिकिटाला मिळते, पायरीला मिळत नाही. जुन्या उंच गाड्या रस्त्यावर आहेत तोवर खुर्चीवरचा माणूस ती सवलत खिशातच ठेवतो.

शिक्षकांना एक विनंती आहे. शाळेची सहल ठरते तेव्हा वर्गातला कुबडीवरचा किंवा खुर्चीवरचा मुलगा बहुधा आपणहून सांगतो, “मला यायचे नाही, गुरुजी.” दादाही तसेच सांगत असत. त्याच्या त्या उत्तरावर विश्वास ठेवू नये. पावसहून गणेशगुळे किंवा पूर्णगड म्हणजे काही लांबचा प्रवास नव्हे. सहलीची गाडी ठरविताना मालकाला तीन प्रश्न विचारावेत : दार किती रुंद, तळ किती उंच, आणि एक आसन काढता येईल काय? किल्ल्यावर त्याला जाता आले नाही तरी खाडीच्या मुखाशी तो वर्गाबरोबर असेल. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन शाळेच्या ग्रंथालयात असावे, असेही सुचवितो. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर खुर्चीवर आलेल्या या बाईंनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि त्यांचे काम पुढे सिंधुदुर्गातही पोहोचले.

पंचायत सदस्यांकडे माझे मागणे लहान आहे. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती अनेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईने वाटली जाते किंवा तशीच राहते. वैयक्तिक मदत द्यावीच. त्याबरोबर एक ओटा बांधता येईल काय, तो या निधीतून की दुसऱ्या शीर्षाखाली, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शासन निर्णयाशी ताडून ठरवावे. गाडीतळापाशी एक, आरोग्य केंद्रापाशी एक. मोठ्या गाडीवाल्याला, रिक्षावाल्याला आणि रुग्णवाहिकेलाही त्याचा उपयोग होईल. जागा निवडताना मात्र खुर्चीवरच्या एखाद्या माणसाला बरोबर न्या. ओटा सुंदर बांधला आणि तेथून पुढे गटाराची उघडी चर आडवी आली, असे मी एका गावी पाहिले आहे.

माझे बोलणे लांबले. बाहेर आमची गाडी उभी आहे आणि दादा तीत बसून आहेत. त्यांना भाषणे आवडत नाहीत. दुसरी एक रिकामी खुर्ची आम्ही मुद्दाम आणली आहे. सभा संपल्यावर सरपंचांनी प्रथम तीत बसावे, आम्ही त्यांना रॅम्पवरून आत घेतो. आधी सपाट जमिनीवरून आणि नंतर तेथील पायठणीचा आधार घेऊन. फीत माझ्याजवळ आहे. ज्यांच्या घरी किंवा शाळेत गरज असेल त्यांनी मापे लिहून घ्यावीत. पाऊस येण्याची लक्षणे आहेत, तेव्हा चहा मागाहून घेऊ.